अर्ध्या दिवसाची सावड

त्या आषाढात गावानं आमची सावड तोडली, ती माझ्या सासूमुळं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं ऐकताना कोणाला तिचा पुळका यायचा. मला तेव्हा आला नव्हता.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आमचं गाव. इथं भाताची लावणी मजूर लावून होत नाही. मजूर मिळणार कुठून, सगळ्यांचीच लावणी एका पंधरवड्यात येते. म्हणून सावड. बारा-तेरा घरं मिळून आज एकाच्या भातखाचरात उतरतात, उद्या दुसऱ्याच्या. आमची खाचरं तीन आणि घरात माणसंही तीनच. सासू गोजरबाई, नवरा गोकुळ आणि मी. तिघांनी तीन खाचरं लावायची म्हटलं तर रोप म्हातारं होतं. महिन्याच्या वर गेलं की त्याला कांडं सुटतं, मग ते लावलं काय आणि बैलापुढं टाकलं काय, लोंबी काही धरत नाही.

तर भांडण कोंबड्यावरून झालं. लावणीच्या आधी शिवेवरच्या पाणजाईला घरटी एक कोंबडा द्यायची आमच्याकडं रीत आहे. सासूनं सांगितलं, मी देणार नाही. तीन वर्षांपूर्वी सासरे अर्धांगानं खाटेवर पडले होते. नऊ महिने. गाव भेटायला यायचं, चहा प्यायचं, चुकचुकायचं आणि जायचं. मंचरहून येशूच्या प्रार्थनेच्या दोन बाया मात्र दर आठवड्याला जीपनं यायच्या, पदर खोचायच्या, सासऱ्यांना कुशीवर वळवून अंघोळ घालायच्या, पाठीच्या जखमा पुसायच्या. सासरे काही वाचले नाहीत. पण ते गेल्यावर सासू दर रविवारी मंचरला जायला लागली, आणि देव्हाऱ्यातले टाक तिनं माहेरी भावाकडं नेऊन दिले. त्या दोन बायांच्या अंघोळीपायी आम्ही पाणजाईला मुकलो, असं मी माझ्या आईला फोनवर सांगायचे. माझं माहेर जुन्नरकडं, लेण्याद्रीच्या पलीकडं. आई म्हणायची, तू गप राहा, घर तिचं आहे.

पहिली दोन वर्षं गोकुळनं गुपचूप कोंबडा पोचवला. यंदा सासूला ते कळलं, आणि ती स्वतःच देवळापुढच्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

"देवीच्या वाटंचा बांध फुटलाय," ती म्हणाली. "तो मी आन गोकुळ बांधून देतो. लाकडं सांगा, पाणी सांगा. पर कोंबडा न्हाई."

पाणजाईचं सगळं हौशीराम बघतो. तो सासऱ्यांचा चुलतभाऊ, म्हणजे माझा चुलतसासरा. आमच्या वरची खाचरं त्याचीच. माणूस वाईट नाही. सासऱ्यांच्या तिरडीला पुढचा खांदा त्यानंच दिला होता. पण त्या दिवशी तो तडकला.

"वयनी, आज तू न्हाई म्हणशील, उद्या आणखी चार घरं म्हणतील. मंग देवीचं ऱ्हाऊ दे, पाण्याच्या वाटंचं कोण बघंल? रस्त्याचं कोण बघंल? गाव कशावर हाय? तुला गावाचं नको ना? मंग गावाची माणसं बी नकोत."

इतकंच. ठराव नाही, कागद नाही. दुसऱ्या दिवशी गोकुळ दारोदार फिरला तर कोणाच्या घरी पाहुणे आले होते, कोणाचं अंग मोडून आलं होतं. गिरणीत माझा डबा सगळ्यात शेवटी दळला आणि पिठात खडे निघाले. भिमाजीची बायको, जिच्या बाळंतपणात मी पंधरा दिवस पाणी भरलं होतं, ती मला बघून शेळी ओढत दुसऱ्या वाटेला लागली.

गोकुळनं आमच्याच बैलांनी चिखलणी केली. आम्ही तिघं उतरलो. दोन दिवस वरून पाऊस, खाली चिखल, कमरेत वाकलेलं ते वाकलेलंच. दोन दिवसांत वरचं, सगळ्यात लहान खाचर जेमतेम अर्धं झालं. माझ्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या पडल्या, चालताना ठणका डोक्यात जायचा. रोपाला एकोणतीस दिवस झाले होते.

"आत्या," मी बांधावर बसून म्हणाले, "एक कोंबडा दिल्यानं तुमच्या येशूचं काय जातंय?"

"त्याचं काय जात न्हाई," ती रोपाची मूठ सोडत म्हणाली. "माजं जातंय."

"आन वर्साचं भात जाईल ते?"

"ते बी जाईल."

असं बोलणाऱ्या बाईबरोबर कोणी भांडायचं? मी गोकुळकडं बघितलं. तो खाली वाकून रोप लावत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचं निमित्त करून घरी आले, आमचा एकुलता एक तांबडा कोंबडा डालग्याखालून काढला, पावसासाठी घेतलेल्या प्लास्टिकच्या खोळीखाली काखेत धरला आणि हौशीरामच्या ओट्यावर नेऊन ठेवला. त्यानं कोंबडा हातात घेऊन जोखला.

"गोजरवयनीनं धाडला?"

"हो," मी म्हणाले.

एवढाच शब्द. खोटं बोलायला फार वेळ लागत नाही, आणि खरं सांगते, मला काही वाटलंही नाही. हलकं वाटलं. संध्याकाळी सासूनं डालगं उचलून बघितलं तेव्हा मी रानमांजराचं नाव पुढं केलं. ती जरा हळहळली. कोंबडा तिनंच पिलापासून वाढवला होता.

सकाळी घरटी एक अशी बारा माणसं आमच्या बांधावर उभी. हौशीरामची बायको सोनीबाई, भिमाजी, सगळे. सगळे सरळ खाचरात उतरले, हौशीराम बांधावरून बघत उभा राहिला. सासू रोप उपटत होती ती तशीच उठली. तिच्या हातातून मूठ गळाली. मी घरी पळाले, मोठ्या पातेल्यात पंधरा-सोळा माणसांचा भात टाकला, आमटीला फोडणी दिली, चुलीपुढं बसून गाणं म्हणाले. परत आले तोवर वरचं खाचर होऊन मधलं अर्ध्यावर आलं होतं. हिरव्या रांगा सुतात लागत होत्या. बारा माणसांचा हात म्हणजे काय ते तेव्हा बघावं.

आणि तिथं आमची सासू चिखलात गुडघे टेकून बसली. सगळ्यांसमोर. हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "येशूबाबा, तू यांची मनं वळवलीस, तुजं उपकार."

सोनीबाईला हसू आवरेना.

"येशू कुठनं आला मदी? आक्का, तुमचा तांबडा कोंबडा काल पाणजाईपुढं कापला, त्यानं आणलं आमाला."

सासूनं मान वळवली आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

"रुपाली. तू दिला?"

मी बांधावरच्या गवताकडं बघत राहिले.

"आन माजं नाव सांगितलंस?"

पाऊस जरा थांबला होता, त्यामुळं सगळ्यांना सगळं ऐकू जात होतं. हौशीराम जवळ आला. त्यानं आवाज खाली घेतला, आणि तो खरंच समजुतीनं बोलला, हे मला मानावंच लागेल.

"वयनी, झालं ते झालं. पोरीला शाणपन सुचलं. तू निस्ती गप ऱ्हा. हो म्हनू नको, न्हाई म्हनू नको. दुपारपतुर मधलं हुईल, सांजंपतुर खालचं. रोप पडू दे चिखलात."

मी मनात म्हणत होते, गप राहा, बाई, गप राहा. आयुष्यात एकदा गप राहा.

ती बांधावर चढली. लुगड्याचा ओला घोळ हातात धरला.

"ऐका रं समदी. कोंबडा मी दिलेला न्हाई. मला ठाव बी नव्हतं. माज्या सुनंनं खोटं सांगितलं. तुमी मी दिला म्हणून आलायसा, तर तसं न्हाई. आता गप ऱ्हायले तर मीच दिल्यासारखं हुईल, आन तुमची सावड मी फसवून घेतली असं हुईल. जायचं असंल तर जा. माजा राग न्हाई."

"तुजा राग न्हाई?" हौशीराम ओरडला. "तुजा?"

हातातल्या मुठी त्यांनी होत्या तिथं टाकल्या. बारा माणसं पाय आपटत बांधावरून निघून गेली. भिमाजी जाताना माझ्याकडं बघून थुंकला. मुठी पाण्यावर तरंगत राहिल्या. घरी पातेलंभर भात होता. तो दोन दिवस बैलांनी खाल्ला आणि उरलेला कोंबड्यांनी.

त्या दिवशी मी सासूला काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. तुमच्या खरेपणाचा भात शिजवून घालणार का आम्हाला, असं म्हणाले. मामांना अंघोळ घातली त्या बायांना बोलवा आता लावणीला, असंही म्हणाले. ती चुलीपुढं पाय शेकत बसली होती.

"तुला मी तितंच हाणली असती," ती म्हणाली. "हात भरलं व्हतं म्हणून वाचलीस. माज्या तोंडानं खोटं बोललीस तू. तुज्या तोंडानं बोलायचं व्हतं."

गोकुळ म्हणाला, "आये, सोड आता." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तू बी सोड." आणि बैलांना वैरण टाकायला निघून गेला. सगळ्यांनी सगळं सोडलं की याचं भागतं.

मला वाटलं होतं, आता तरी ती तोंड शिवून आपल्या खाचरात उतरेल. सकाळी बघते तर खोळ घेऊन उंबऱ्यात उभी.

"मी हौशीरामाकडं चालले. त्याची लावणी हाय आज."

"कशाला?"

"बारा घरांचा अर्धा अर्धा दिस आपल्या अंगावर हाय. दुपारपतुर राबलीत ती. न जेवता गेलीत. ते फेडायचं."

मला आधी खरंच वाटेना.

"आत्या, आपल्या रोपाला आज बत्तीस दिस झालं! बारा घरं फेडंपतुर बैलाला घालायच्या कामाचं ऱ्हाईल."

"तुमी दोगं लावा जमंल तेवढं. दुसऱ्याचा घाम दाबून ठेवायचा आन रविवारी डोळं मिटून प्रार्थनेला बसायचं, ते मला हुत न्हाई. माजं मनच लागायचं न्हाई तितं."

तिनं भाकरी बांधून घेतली नाही. सावडीला जाताना भाकरी न्यायची नसते. ज्याचं खाचर त्याचं जेवण, आणि ते जेवलं की तुमचं काम फिटलं, असं आमच्यात मानतात. न जेवता परत आलात तर काम केलं ते फुकट, अंगावरचं तसंच अंगावर.

हौशीरामचं खाचर आमच्या डोक्यावरच. मी आणि गोकुळ मधल्या खाचरात वाकलो होतो आणि मान वर केली की मला ते दिसत होतं. बाया एका रांगेत, खांद्याला खांदा. आणि चार हात जागा सोडून, पार कडेला, सासू एकटी. रोपाच्या मुठी एकमेकींना फेकत देतात, तिला कोणी देत नव्हतं. दर वेळी ती चिखलातून पाय उपसत बांधापर्यंत जायची, मूठ घ्यायची, परत यायची. तिचा डावा गुडघा जुना आहे. तो उचलताना ती हातानं मांडी धरायची. वरून हसण्याचा आवाज यायचा. मी रोप इतकं खोल खुपसत होते की त्याला फुटवेच येऊ नयेत. कोणाचा राग जास्त येत होता ते मला सांगता येणार नाही. पण बघवत नव्हतं, एवढं खरं.

दुपारी मी चढून वर गेले. तिला हाताला धरून आणायचं असं ठरवून गेले.

खोपीत सगळे जेवायला बसले होते. हौशीरामच्या लावणीला दर वर्षी सकाळी बांधावर पाणजाईच्या नावानं बोकड पडतो. त्याचाच रस्सा होता. सासूच्या प्रार्थनेच्या लोकांत देवीपुढं कापलेलं खात नाहीत, हे गावाला चांगलं ठाऊक होतं. सोनीबाईनं सगळ्यांना वाढलं, मग सासूपुढं जर्मनची ताटली ठेवली, दोन भाकऱ्या, वर रस्सा, आणि रश्श्यात मुद्दाम मोठा तुकडा. सगळ्यांचे हात थांबले.

"खा वयनी," हौशीराम म्हणाला. "खाल्लंस की फिटलं. न्हाई तर उपाशी जा आन गावाच्या उपकारात ऱ्हा."

मी खोपीच्या कुडाला धरून उभी होते. चला आत्या, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. सासू ताटलीकडं बघत होती. मग म्हणाली,

"सोने, तू रांधलंस का?"

"मंग काय देवीनं येऊन रांधलं?"

"तू रांधलंस न्हवं? मंग झालं. अन्न हाय." आणि तिनं डोळे मिटले, ताटलीवर हात धरला. फार मोठ्यानं नाही, पण खोपी लहान. "येशूबाबा, या घरच्या अन्नाला आशीर्वाद दे. या घराचं भात पिकू दे. सोनीचं मनगट सुजलंय, काल आमच्या खाचरात लावून सुजलंय, त्याला आराम दे."

हौशीरामनं लाथ मारली. ताटली कुडावर आदळून बाहेर चिखलात पालथी पडली.

"देवीच्या बोकडावर त्याचं नाव घेतीस? माज्या खाचरात बसून?"

कोणी हललं नाही. सोनीबाईनं उजवा हात पदराखाली घेतला. सासू उठली, गुडघ्याला धरून, एक एक पाय सरळ करत. बाहेर गेली. चिखलातली भाकरी उचलली, बांधावरच्या पाण्यात खळबळली, आणि तिथंच उभ्यानं, पावसात, चावून चावून खाल्ली. भाकरी ओली होऊन तुटत होती, ते तुकडेही तळहातावरून खाल्ले. मग खोपीच्या तोंडाशी आली.

"हौशीराम, फिटलं का?"

त्यानं तोंड फिरवलं.

"मी जेवले. तुज्या घरचं जेवले. फिटलं का न्हाई ते सांग."

"फिटलं," सोनीबाई म्हणाली. नवऱ्याकडं न बघता म्हणाली, आणि खेकसून म्हणाली. "जावा आता आक्का. फिटलं म्हनलं ना, जावा."

खाली उतरताना सासू माझ्या खांद्याला धरून चालली होती. तिचा हात गार पडला होता. मी विचारलं, "उद्या कुणाकडं?"

"भिमाजीकडं."

अकरा घरं राहिली होती. मधल्या खाचराचा जो भाग आमच्या दोघांच्यानं होईल तो होणार होता, आणि खालचं खाचर गेलं, हे त्या उतारावरच मला कळलं. पुढं तसंच झालं. त्या साली खालच्या खाचरात गुरं चरली आणि संक्रांतीच्या पुढं आम्ही विकतचा तांदूळ खाल्ला. मंचरच्या लोकांनीही ऐकलं, आणि तिनं बोकडाचं खाल्लं म्हणून दोन रविवार तिच्याशी कोणी धड बोललं नाही. ती तरीही जीपनं जाऊन मागच्या बाजूला बसून आली. मला तिचा येशू कळला नाही, अजूनही कळत नाही. पण खोटं मी बोलले होते आणि फेडत ती होती, हे त्या दिवशी माझ्या गळ्याखाली उतरेना. भाकरी पुढं घेऊन बसले आणि तशीच उठले.

सकाळी मी खोळ घेतली आणि तिच्या मागं निघाले. तिच्या अंगावरचं काम दोघींत वाटलं जाणार होतं. तिनं मागं वळून बघितलं आणि परत चालायला लागली.

भिमाजीच्या खाचरात दहा माणसं होती. आम्हाला बघून बायांनी रांग आणखी आवळून घेतली. भिमाजी कमरेवर हात ठेवून बांधावर उभा राहिला.

"म्हातारीचं समजलं. तू कशाला आलीस?"

"कोंबडा मी दिला व्हता," मी म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून परत म्हणाले. "आत्यांनी न्हाई दिला. त्यांचं नाव घेऊन मी खोटं बोलले. तवा अर्धा दिस माज्या अंगावर बी हाय."

कोणी सरकलं नाही. बांधाच्या कडेला जिथं पाणी खोल होतं आणि रोप उभं राहत नाही, तिथं जागा होती. आम्ही दोघी तिथं उतरलो. चिखल पिंढरीपर्यंत आला, चिखल्यांमध्ये गार पाणी शिरलं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी मूठ सोडली, वाकले आणि रागारागानं रोपाचे चार आवे खुपसले.

सासू माझ्याकडं न बघता म्हणाली, "खोल लावू नगंस. लोकाचं भात हाय."